रिकाम्या हाताची विद्या
(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षात माजी विद्यार्थी आणि पालक यांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शनिवारी सकाळी शाळेच्या पटांगणावर पांढऱ्या पोशाखातील मुलामुलींच्या रांगा उभ्या राहतात. ‘इची, नी, सान’ असे जपानी आकडे मोजत मुले एकेक हात पुढे फेकतात आणि मागे घेतात. फाटकाशी थांबलेले पालक हे कौतुकाने पाहतात; पण त्यांच्या मनात काही शंकाही असतात. मुलाच्या वडिलांना वाटते, हा आधीच हूड, त्यात हे शिकला तर वर्गात मारामाऱ्या करील. मुलीच्या आईला वाटते, चला, आता हिची काळजी मिटली. आणि पंचवीस-तीस वर्षांनी शाळेत पाऊल टाकणारा एखादा माजी विद्यार्थी हळूच विचारतो, की आपल्याकडे मल्लखांब आहे, लेझीम आहे, दांडपट्टा आहे. मग मराठी शाळेत हे जपानी आकडे कशासाठी?

तिन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरे शोधायची तर कराटे जिथे जन्मले तिथे जायला हवे. तिथे गेल्यावर प्रथम भेटतात ते योद्धे नव्हेत, शाळामास्तर भेटतात. हे बहुतेकांना ठाऊक नसते.

जपानच्या क्यूशू बेटाच्या दक्षिणेला, तैवानच्या दिशेने बेटांची एक लांबलचक माळ उतरत जाते. त्यांतले सर्वांत मोठे बेट ओकिनावा. इथे १४२९ पासून साडेचारशे वर्षे र्‍युक्यू नावाचे वेगळे राज्य होते. शुरी ही त्याची राजधानी आणि नाहा हे बंदर. चीनच्या दरबाराला नजराणे जात, फूजियान प्रांताशी व्यापार चाले आणि त्या गलबतांबरोबर चिनी मुष्टियुद्धाचे ज्ञानही येत राहिले. १६०९ मध्ये जपानमधील सात्सुमा घराण्याने हे राज्य जिंकले. राजा गादीवर राहिला, पण नावापुरता. १८७९ मध्ये तेही संपले. र्‍युक्यू खालसा होऊन जपानचा एक प्रांत झाले. संस्थानांचा इतिहास माहीत असलेल्या मराठी माणसाला खालसा होणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

या बेटावरील हातापायांच्या लढाईला नुसते ‘ते’, म्हणजे हात, असे म्हणत. चिनी विद्येचा संस्कार झाल्यावर ‘तोदे’, म्हणजे चिनी हात, हे नाव रूढ झाले. शस्त्रबंदीमुळे गांजलेल्या शेतकऱ्यांनी रात्री लपूनछपून ही विद्या निर्माण केली, अशी कथा नेहमी सांगितली जाते. कथा सुरस आहे, पण जुन्या गुरूंची नावे पाहिली तर ती पटत नाही. मात्सुमुरा सोकोन हे राजाचे अंगरक्षक होते. त्यांचे शिष्य इतोसु आंको राजदरबारी लेखनिक होते. ही मुख्यतः दरबारी सेवक-घराण्यांची विद्या होती. दुसरी कथा आपल्याला अधिक प्रिय आहे : कांचीपुरमहून बोधिधर्म चीनला गेला, त्याने शाओलिन मठात युद्धविद्या शिकवली आणि तिचेच पुढे कराटे झाले. या कथेला तत्कालीन पुरावा नाही. ज्या ग्रंथाच्या आधारे ती सांगितली जाते तो बोधिधर्मानंतर हजारेक वर्षांनी, सतराव्या शतकात लिहिला गेला. अभिमान असावा, पण उसन्या पुराव्यावर उभा राहिलेला नसावा. इतिहासाच्या तासाला मुलांना आपण हेच सांगतो. भारताशी कराटेचा एक खरा धागा आहे. तो पुढे येईल.

आता त्या शाळामास्तरांकडे वळू. फुनाकोशी गिचिन यांचा जन्म १८६८ मध्ये शुरीला झाला. प्रकृतीने नाजूक असलेल्या या मुलाला वर्गमित्राच्या वडिलांनी, आझातो आंको यांनी शिष्य करून घेतले. शिकवणी रात्री चाले. कंदिलाच्या उजेडात, घरामागच्या अंगणात एकच ‘काता’, म्हणजे हालचालींचा ठरलेला क्रम, महिनोन् महिने करायचा. आझातो माजघराच्या उंबऱ्याशी ताठ बसून पाहत. चुकले तर ‘पुन्हा’, बरोबर आले तर ‘छान’ एवढाच शब्द. नवा काता मागायची सोय नव्हती. पहाटे घरी परतणाऱ्या या तरुणाविषयी शेजारी भलतेच तर्क करीत, आणि विद्या गुप्त असल्याने त्याला खुलासाही करता येत नसे. दिवसा तो प्राथमिक शाळेत शिकवी. ही नोकरी धरण्यासाठी त्याने डोक्यावरची शेंडीची गाठ कापली, तेव्हा जुन्या वळणाच्या घरात केवढा कल्लोळ झाला असेल, याची कल्पना आपल्या आजोबा-पणजोबांच्या गोष्टी ऐकलेल्यांना करता येईल.

त्या काळातला एक प्रसंग फुनाकोशींनी आत्मचरित्रात सांगितला आहे. सासुरवाडीच्या देवघरात पूर्वजांना वाहण्यासाठी ते मांजू नावाचे गोड उंडे घेऊन निघाले होते. वाटेत काळोखात दोन आडदांड माणसांनी अडवले. एकाच्या हाती सोटा होता. फुनाकोशींनी वाद न घालता खाऊची पुडी त्यांच्या हाती दिली आणि ते पुढे चालू लागले. काही दिवसांनी हे गुरूंच्या कानावर घातले. इतोसुंनी शाबासकी दिली. आझातोंनी हसून एवढेच विचारले, की मग देवघरात काय वाहिलेस? मनापासून प्रार्थना केली, असे उत्तर मिळाले. दोन्ही गुरू संतुष्ट झाले.

इतोसु आंको हे या कथेतील कळीचे पुरुष. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी ही अंगणातली विद्या शाळेत आणली. अंगणात एक गुरू आणि दोनतीन शिष्य असत. शाळेत शंभर मुले एका मैदानावर उभी. म्हणून त्यांनी ‘पिनान’ नावाचे पाच सोपे काता रचले, जे आज जगभरातील नवशिके शिकतात. डोळ्यांत बोट, सांध्यावर पीळ असे घातक प्रकार मुलांच्या शिकवणीतून वगळले किंवा मिटल्या मुठीत झाकले, असे अभ्यासक मानतात. रांगेत उभे राहून आकड्यांच्या तालावर एकत्र हालचाल करण्याची शनिवार सकाळची पद्धत मूळची अंगणातली नाही. ती शाळेतली, कवायतीतली आहे. १९०८ च्या ऑक्टोबरमध्ये इतोसुंनी शिक्षणखात्यासाठी दहा कलमांचे एक टिपण लिहिले. हे बौद्ध किंवा कन्फ्यूशियसच्या मतातून निघालेले नाही, असे त्यांनी आरंभीच सांगून टाकले. एकट्यादुकट्या शत्रूशी लढण्यासाठी ही विद्या नाही, गुंडाची गाठ पडली तरी त्याला शक्यतो इजा करू नये, रोज तासदोन तास आणि तीनचार वर्षे सराव केल्यावाचून शरीर बदलत नाही, अशी शहाणी कलमे त्यात आहेत. सैन्यासाठी चांगले शिपाई तयार होतील, असाही एक युक्तिवाद त्यात आहे. शिक्षकाच्या लेखणीतून तो उतरलेला पाहून आज मनाला टोचते. पण त्या काळी खात्याची मान्यता मिळवण्याचा तो हमखास मार्ग होता.

याच शाळांमध्ये त्याच सुमारास आणखी एक गोष्ट घडत होती. वर्गात ज्याच्या तोंडून ओकिनावाची भाषा निघे, त्याच्या गळ्यात एक लाकडी पाटी अडकवत. दुसरा कोणी घरची भाषा बोलताना सापडेपर्यंत पाटी त्याच्याच गळ्यात. सापडला की त्याच्या गळ्यात. मुलांनी मुलांवर पाळत ठेवायची. ही शिक्षा देणारेही ओकिनावाचेच शिक्षक असत, आणि मुलांना राजभाषा नीट आली तरच त्यांचे भले होईल, असे त्यांना प्रामाणिकपणे वाटे. म्हणजे शाळेने एका हाताने बेटाची विद्या उचलून धरली आणि दुसऱ्या हाताने बेटाची भाषा खाली ठेवली. २००९ साली युनेस्कोने र्‍युक्यू बेटांवरील भाषांची नोंद धोक्यात आलेल्या भाषांमध्ये केली. ओकिनावाची विद्या आज जगभर शिकवली जाते. पण आपली मुले मोजतात ते आकडे ओकिनावाचे नाहीत, जपानीच आहेत. परप्रांतात साठ वर्षे मराठीतून गणित आणि भूगोल शिकवणाऱ्या शाळेच्या पालकांना या हकिगतीचा अर्थ वेगळा उलगडून दाखवायला नको.

१९२२ मध्ये टोकियोत शारीरिक शिक्षणाचे प्रदर्शन भरले. ओकिनावातर्फे फुनाकोशी गेले. वय त्रेपन्न, शाळेतून निवृत्त झालेले, प्रात्यक्षिक दाखवून परत यायचे, एवढाच बेत. ज्युदोचे जनक कानो जिगोरो यांनी त्यांना आपल्या कोदोकान संस्थेत प्रात्यक्षिकासाठी बोलावले आणि टोकियोतच राहण्याचा आग्रह केला. कानो हेही शिक्षकच. टोकियोच्या उच्च अध्यापक विद्यालयाचे ते अनेक वर्षे प्राचार्य होते. आज कराटेची ओळख झालेला पांढरा पोशाख, कमरेचा पट्टा आणि ‘दान’ या श्रेणी हे सारे ज्युदोकडून आलेले आहे. फुनाकोशींनी पहिल्या दान पदव्या दिल्या त्या १९२४ मध्ये.

राहण्यासाठी त्यांना ओकिनावाच्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात एक लहानशी खोली मिळाली. त्या बदल्यात ते अंगण झाडीत, बागेची निगा राखीत, पहारेकऱ्याचे काम करीत. एकदा एक वार्ताहर आला आणि अंगण झाडणाऱ्या म्हाताऱ्याला त्याने विचारले, कराटेचे गुरुजी कुठे भेटतील? म्हातारा आत गेला, कपडे बदलून बाहेर आला आणि म्हणाला, मीच तो. पत्नी मात्र गावीच राहिली. पूर्वजांची पूजा सोडून ती येईना. कामाने फार थकवा आला की ती अंथरुणावर न पडता अंगणात जाऊन काता करी, असे त्यांनी लिहिले आहे. दोघे एकत्र आले ते महायुद्धात बेट उद्ध्वस्त झाल्यावर, ती निर्वासित झाली तेव्हा. आणि १९४७ मध्ये वारली. थोर पुरुषांच्या चरित्रांत अशा बायकांना दोनच ओळी मिळतात, इथेही तसेच झाले आहे.

टोकियोच्या जिभेला वळावीत म्हणून फुनाकोशींनी कातांची जुनी नावे बदलली. ‘पिनान’चे ‘हेइआन’ झाले, ‘नाइहांची’चे ‘तेक्की’. सर्वांत मोठा बदल विद्येच्याच नावात झाला. ‘चिनी हात’ या अर्थाच्या अक्षराऐवजी तोच उच्चार असणारे ‘रिकामा’ या अर्थाचे अक्षर आले. ओकिनावाचे हानाशिरो चोमो यांनी ते १९०५ मध्येच वापरले होते. २५ ऑक्टोबर १९३६ रोजी नाहा येथे जमलेल्या गुरूंनी त्यावर शिक्कामोर्तब केले. यामागे राजकारण होतेच. चीनशी वैर पेटलेले असताना चीनचे नाव कोण मिरवणार? पण फुनाकोशींच्या मनात आणखी काही होते. रिकामा या अर्थाचे ते अक्षर चिनी बौद्ध ग्रंथांत संस्कृतमधील ‘शून्य’ या शब्दासाठी योजलेले आहे. प्रज्ञापारमिता हृदयसूत्रातील शून्यतेचा विचार त्यांना जवळचा होता. हातात शस्त्र नाही हा झाला वरवरचा अर्थ. मनात द्वेष आणि स्वार्थ नाही, हा त्यांना अभिप्रेत असलेला अर्थ. भारताशी असलेला खरा धागा तो हाच. बोधिधर्माच्या कथेइतका तो झगमगीत नाही, पण तुटणाराही नाही.

मग मुले मैदानात नेमके काय शिकतात? तीन गोष्टी. ‘किहोन’ म्हणजे मूळ हालचाली : उभे राहणे, ठोसा, लाथ, वार अडवणे. ‘काता’ म्हणजे काल्पनिक प्रतिस्पर्ध्यांशी करायचा ठरलेल्या क्रमाचा सामना. ‘कुमिते’ म्हणजे समोर प्रत्यक्ष जोडीदार. ठोशाचे बळ दंडात नसते. मागच्या पायाने जमीन दाबली जाते, कंबर वळते, दुसरा हात तितक्याच वेगाने बरगडीशी खेचला जातो आणि श्वास सुटतो. या साऱ्यांचा मेळ एका क्षणी जमला तर सडपातळ मुलीचा ठोसाही जड होतो. हेइआन मालिकेतील प्रत्येक कात्याची पहिली हालचाल वार अडवण्याची असते. आरंभी आणि शेवटी लवून नमस्कार असतो. शैली अनेक आहेत : फुनाकोशींची शोतोकान, मियागी चोजुन यांची गोजू-र्‍यू, माबुनी केनवा यांची शितो-र्‍यू, ओत्सुका हिरोनोरी यांची वादो-र्‍यू. त्यांतील बारकाव्यांत पालकांनी अडकण्याचे कारण नाही.

अडकावे असे ठिकाण वेगळे आहे. त्याला ‘सुन-दोमे’ म्हणतात. सुन हे जपानी माप, साधारण तीन सेंटिमीटरचे. पूर्ण वेगाने, पूर्ण बळाने फेकलेला हात समोरच्याच्या अंगापासून तेवढ्या अंतरावर थांबवायचा. मारणे त्या मानाने सोपे. हात थांबवायला वर्षे लागतात. मारू न शकणाऱ्याचा हात थांबला तर त्यात विद्या कुठली? ज्याला मारता येते त्याचा थांबला, तरच ती विद्या. टोकियो ऑलिंपिकमध्ये, ७ ऑगस्ट २०२१ रोजी, पंचाहत्तर किलोवरील पुरुषांच्या अंतिम लढतीत सौदी अरेबियाचा तारेग हामेदी चार-एक असा पुढे होता. त्याच्या देशाला पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक मिळण्याच्या बेतात होते. तेवढ्यात त्याची लाथ इराणच्या सज्जाद गंजजादेला इतकी जोरात लागली, की गंजजादे बेशुद्ध पडला आणि त्याला स्ट्रेचरवरून न्यावे लागले. पंचांनी हामेदीला बाद ठरवले. शुद्धीवर आलेल्या गंजजादेला कळले, की सुवर्णपदक आपले आहे. जगभर टीका झाली. पाडणारा हरतो आणि पडणारा जिंकतो, हा कसला खेळ, असे लोक म्हणाले. परंतु नियम पहिल्या दिवसापासून तोच होता. आदल्या दिवशी पुरुषांच्या काता स्पर्धेत ओकिनावाच्या र्‍यो कियुनाने सुवर्णपदक मिळवले. त्या बेटाचे ते पहिले ऑलिंपिक सुवर्ण. विजयमंचावर तो दिवंगत आईचे छायाचित्र हातात घेऊन उभा राहिला. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधून मात्र कराटे वगळले गेले.

या विद्येचे सारे चांगलेच झाले, असे म्हणता येणार नाही. कणखर केलेल्या शरीरांवर सत्तेचा डोळा असतोच. १९४५ च्या ओकिनावाच्या युद्धात बेटावरील सुमारे चौथा हिस्सा नागरिक मृत्यू पावले. शाळकरी मुलांच्या तुकड्या करून त्यांना रणात ढकलले गेले. मुलींच्या दोन शाळांतील दोनशे बावीस विद्यार्थिनी आणि अठरा शिक्षक लष्करी इस्पितळात शुश्रूषेसाठी नेले गेले. त्यांतील १३६ जण परतले नाहीत. हिमेयुरी नावाने त्यांचे स्मारक आहे. शाळा चालवणाऱ्या कोणालाही ही संख्या वाचून पुढचे पान लगेच उलटता येणार नाही.

आता मुलीच्या आईचा प्रश्न. समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांतील मुलींसाठी राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने आत्मरक्षा प्रशिक्षण दिले जाते. उपक्रम स्तुत्य आहे. पण तीन महिन्यांत मुलगी सुरक्षित होते, असे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. इतोसुंनी तीनचार वर्षे सांगितली होती, तीही रोजची. तीन महिन्यांत मिळते ते निराळे : मोठ्याने ओरडता येणे, समोरच्याच्या नजरेला नजर देता येणे, वेळीच पळता येणे आणि घरी येऊन घडलेले सांगण्याचे धैर्य. हे थोडे नाही. उरलेली काळजी मुलीच्या मुठीवर टाकून घरच्यांनी, शाळेने आणि गावाने मोकळे होऊ नये.

आणि मुलाच्या वडिलांनी वर्ग कसा पारखावा? दर तीन महिन्यांनी पट्ट्याचा रंग बदलतो आणि शुल्काची पावती फाटते, असे वर्ग शहरोशहरी आहेत. फाटकाशी उभे राहून रंग पाहू नये. जोडीदाराला चुकून लागले तर मूल थांबते का, वाकते का, आणि शिक्षक त्या वेळी कुणाकडे आधी जातात, ते पाहावे.

महायुद्धानंतरच्या पडक्या टोकियोतील एक रात्र फुनाकोशींनी लिहून ठेवली आहे. वय ऐंशीच्या आसपास. निर्मनुष्य रस्त्यावर एका लुटारूने त्यांना अडवले आणि छत्रीने त्यांच्यावर वार केला. म्हाताऱ्याने खाली वाकून वार चुकवला आणि त्याच्या वर्मावर अशी पकड घेतली, की त्याला हलता येईना. गस्तीचा पोलीस आला, त्याच्या हाती त्याला दिले. लुटारू युद्धावरून नुकताच परतलेला, बेकार, उपाशी माणूस होता. पोरे असती तर ही हकीगत रंगवून सांगती. फुनाकोशींना मात्र वाटेत आनंद झाला नाही. आयुष्यभर जे करू नका म्हणून शिष्यांना सांगितले, तेच आपल्या हातून झाले, याची त्यांना लाज वाटली.